कार्बन फायबर शाफ्टमध्ये कोणता फोम भरावा आणि कसा

शाफ्ट म्हणजे पूलच्या क्यूचा (खेळायच्या काठीचा) पुढचा भाग. रिकाम्या कार्बन फायबर नळीला टिप (बॉलला लागणारं टोक) आणि फेरूल (टिप जिच्यावर चिकटवतात ती छोटी टोपी) लावून पूल खेळायला घेतलं, तर प्रत्येक शॉटला ती वाजते. आवाज पोकळ आणि टणक येतो, शॉट संपल्यावरही किंचित रेंगाळतो. फोम भरायचा तो मुख्यतः हा आवाज आणि त्यामागचं कंपन मारण्यासाठी. शाफ्ट ताठ करण्यासाठी तो भरत नाहीत. कडक पॉलियुरेथेन फोमचा ताठरपणा काही मेगापास्कलपासून काही दहा मेगापास्कलपर्यंत असतो आणि कार्बनच्या भिंतीचा त्याच्या हजारो पट. त्यामुळे ‘आमच्या फोममुळे शाफ्ट वाकत नाही’ असं कोणी सांगत असेल तर तो दावा बाजूला ठेवा. फार तर पातळ भिंतीला आतून थोडा आधार मिळतो, टेबलाच्या कडेवर आपटल्यावर चेपण्याचा धोका कमी होतो, इतकंच.

आवाज मारायला फोम फार जड लागत नाही, पण तो भिंतीला सलग टेकलेला असावा लागतो. निवडीचा सगळा पेच इथेच आहे. जड फोम नीट भरतो, पण चुकीच्या ठिकाणी वजन वाढवतो. हलका फोम वजनाला उत्तम, पण अरुंद नळीत त्याच्या पोकळ्या राहतात.

वजन कुठे चालतं, कुठे नाही

टिप आणि पांढरा बॉल एकमेकांना साधारण एक-दोन मिलिसेकंदच चिकटलेले असतात. बॉलच्या बाजूला इंग्लिश (आडवी फिरकी) देऊन मारलं की शाफ्टचं टोक आडवं ढकललं जातं. हा धक्का शाफ्टमधून मागे सरकायच्या आत बॉल सुटलेला असतो, म्हणून बॉलला जाणवतं ते फक्त पुढच्या टोकाचं वजन. ते जितकं जास्त, तितका बॉल नेमलेल्या रेषेपासून जास्त ढळतो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे डॉ. डेव्ह अल्सियाटोर यांनी शाफ्टवर वेगवेगळ्या अंतरावर वजन लावून हे दाखवलं आहे. टिपेपासूनचे पहिले १५ ते २० सेंमी महत्त्वाचे, त्यामागच्या वजनाचा डिफ्लेक्शनवर परिणाम जवळजवळ नाही.

म्हणून नळीकडे दोन वेगळे भाग म्हणूनच पाहा. पुढचे २५ ते ३० सेंमी, जिथे कणभर वजनाचाही हिशोब ठेवायचा, आणि मागचा उरलेला भाग, जिथे चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फक्त तोल किंचित सरकतो. एकच फोम टोकापासून टोकापर्यंत ओतण्याची पद्धत सोपी वाटते, पण ती हा फरकच विसरते.

घनतेचं गणित

फोमच्या डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा प्रति घनफूट पौंडात असतो. २ पौंडी म्हणजे सुमारे ३२ किलो प्रति घनमीटर, ४ पौंडी म्हणजे ६४, ८ पौंडी म्हणजे १२८, १६ पौंडी म्हणजे २५६. किलो प्रति घनमीटर आणि ग्रॅम प्रति लिटर एकच, त्यामुळे हिशोब सोपा आहे. ६४ चा एक लिटर फोम ६४ ग्रॅम भरतो, म्हणजे १०० मिली पोकळीत ६.४ ग्रॅम.

उदाहरणासाठी एक नळी घेऊ. लांबी ७३ सेंमी. पुढचे ३० सेंमी आतून ९ मिमी व्यासाचे सरळ, तिथून जॉइंटपर्यंत (शाफ्ट क्यूच्या मागच्या भागाला जोडायच्या टोकापर्यंत) आतला व्यास ९ वरून १७ मिमीपर्यंत वाढत जातो. सरळ भागात १९ मिली पोकळी, निमुळत्या भागात सुमारे ५९ मिली, एकूण ७८ मिली. संपूर्ण नळी ३२ च्या फोमने भरली तर २.५ ग्रॅम, ६४ ने ५, १२८ ने १०, २५६ ने २० ग्रॅम.

आता फक्त पुढचे २० सेंमी पाहा. तिथली पोकळी १२.७ मिली. बाहेरचा व्यास १२.४ मिमी धरला तर तेवढ्या भागातलं कार्बन साधारण १७ ग्रॅमचं. त्यात ३२ चा फोम ०.४ ग्रॅम घालतो, ६४ चा ०.८, १२८ चा १.६ आणि २५६ चा ३.३. म्हणजे ६४ पर्यंतची भर पाच टक्क्यांच्या आत राहते, १२८ ला ती नऊ-दहा टक्के होते आणि २५६ ला एकोणीस. कमी डिफ्लेक्शनसाठी कार्बन शाफ्ट घ्यायचा आणि पुढच्या टोकात १६ पौंडी फोम ओतायचा, हे पैसे देऊन घेतलेला गुण परत देऊन टाकण्यासारखं आहे. पुढे ६४ च्या वर जाऊ नका. मागे ६४ ते ९६ उत्तम, १२८ चालतो.

तुमच्या नळीचे आकडे वेगळे असतील. प्रेडेटर या क्यू बनवणाऱ्या कंपनीचा रेव्हो हा कार्बन शाफ्ट २०१६ साली आला, त्याच्या १२.९, १२.४ आणि ११.८ मिमी अशा मापांची सवय खेळाडूंना आहे, पण सुट्या मिळणाऱ्या नळ्यांची भिंत आणि निमुळतेपणा उत्पादकागणिक बदलतो. म्हणून पोकळी मोजूनच घ्या. पुढचं तोंड बुचाने बंद करा, नळी वजनकाट्यावर शून्य करा, पाणी काठोकाठ भरा, बाहेरून पुसा आणि पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम वाढले तितके मिली. पुढच्या ३० सेंमीची पोकळी आतल्या व्यासावरून वेगळी काढा. हे काम आतून घासण्याच्या आधी करा, म्हणजे नंतर नळी पूर्ण वाळवायला वेळ मिळतो.

कोणता फोम घ्यायचा नाही

हार्डवेअरच्या दुकानात दार-खिडकीच्या फटी भरायला डब्यातून फवारायचा जो फोम मिळतो, तो या कामाला पूर्णपणे निकामी आहे. तो हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो. बंद नळीत आतपर्यंत दमट हवा पोहोचत नाही, त्यामुळे दोन्ही तोंडांशी कडक बूच तयार होतं आणि मध्ये आठवडेच्या आठवडे चिकट लगदा राहतो. त्यात तो हळूहळू फुगत राहतो आणि एके दिवशी फेरूल बाहेर ढकलतो. नळीत बिघडलेलं काम दुरुस्तीला येतं तेव्हा कारण पुष्कळदा हेच असतं.

मऊ, स्पंजासारखा उघड्या पेशींचा फोमही टाळा. सुरुवातीला तो आवाज फार छान दाबतो. पण तो दमटपणा शोषतो आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. मग तोच भुगा आत खुळखुळतो. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात हे लवकर घडतं.

इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म फुगे मिसळून केलेला लगदा ५०० च्या वर घनतेचा होतो. जॉइंटकडे बूच बसवायला तो ठीक, नळी भरायला नाही. लाकडी दांडीचंही तेच. बाल्सा सोडला तर सगळी लाकडं या हिशोबात जड.

कामाचे पर्याय तीन

पहिला, दोन भागांचा कडक, बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम. पॉलिओल आणि आयसोसायनेट मिसळले की फुगतो. शीतगृहं आणि फ्रिजच्या भिंतीत जो पफ भरतात तो याच घराण्यातला, साधारण ३५ ते ४० घनतेचा. पफचं काम करणाऱ्यांकडून रसायन घेता येतं, पण ते बहुधा झपाट्याने फुगणारं असतं. नळीसाठी संथ प्रकार हवा. मिश्रण दुधाळ होऊन फुगायला लागेपर्यंतचा वेळ किमान ७५ ते ९० सेकंद असावा. मिसळायला २० सेकंद, सिरिंजमध्ये घ्यायला १५, नळीत सोडायला २०, हे धरलं तर ३० सेकंदांचा फोम हातातच फुगतो.

दुसरा, बॅकर रॉड. काचेच्या दर्शनी भिंतींच्या आणि काँक्रीटच्या सांध्यांत सीलंटच्या मागे भरायची ही पॉलिथिलीन फोमची दोरी बांधकाम रसायनांच्या दुकानात ६, ८, १०, १२ मिमी अशा जाडीत मिळते. बंद पेशींची, अतिशय हलकी, पाणी न पिणारी. कोणताही गोंद तिला धरत नाही, ती फक्त दाबाने बसते. म्हणून आतल्या व्यासापेक्षा एक ते दीड मिमी जाड घ्यायची. ९ मिमी पोकळीला १० मिमी.

तिसरा, कडक पीव्हीसी किंवा पीएमआय फोमच्या तक्त्यातून लेथवर कातलेली बारीक दांडी. ६० च्या आसपास घनतेची मिळाली तर पुढच्या भागासाठी याहून नेटकं काही नाही. घनता सगळीकडे सारखी, चिकटवता येते, पोकळी राहत नाही. अडचण एवढीच, की ९ मिमीची ३० सेंमी लांब दांडी कातताना मोडते. १० सेंमीचे तीन तुकडे करून टोकाला टोक लावून भरा.

आमची शिफारस मिश्र पद्धतीची आहे. पुढच्या ३० सेंमीत बॅकर रॉड किंवा कातलेली दांडी, मागे ६४ घनतेचा संथ कडक फोम. सगळी नळी उभी धरून एकाच वेळी ओतली, तर तळाशी द्रव साचतो आणि तळाचाच फोम सर्वांत दाट होतो. तळाशी टिपेचं टोक असतं, म्हणजे नको तिथेच वजन. नळी उलटी केली तर रुंद भागातून अरुंद भागात चढताना फोम आवळतो आणि वर पोचायच्या आत घट्ट होतो.

नळीची तयारी

नळी पोलादी दांड्यावर गुंडाळून भाजलेली असते आणि ती सुटावी म्हणून दांड्याला लावलेलं मेण किंवा रसायन नळीच्या आतल्या अंगाला राहतं. ते काढलं नाही तर फोम काही महिन्यांत भिंतीपासून सुटतो. ६ मिमीच्या लांब सळीच्या टोकाला चीर पाडा, त्यात १२० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी अडकवा आणि हळू फिरणाऱ्या ड्रिलने पुढे-मागे घासा. टॉर्च लावून पाहिल्यावर आतली चमक गेलेली दिसली पाहिजे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली केलेली कापडाची चिंधी सळीने आरपार काढा, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत.

कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट, शिवाय ती वीजवाहक आहे. मास्क, हातमोजे, ओलं कापड वापरा आणि मोटर किंवा संगणक जवळ असेल तर काम दुसरीकडे करा.

नंतर नळी कोरड्या जागी रात्रभर ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह पिशवीत बंद करा. आयसोसायनेट पाण्याशी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आत ओल राहिली तर फोम जास्त फुगतो, पेशी मोठ्या आणि ठिसूळ होतात, आणि भिंतीशी पकड जाते.

बाहेरून संपूर्ण नळीला मास्किंग टेप किंवा स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा. घट्ट झालेला फोम तयार पृष्ठभागावरून कोणत्याही द्रावणाने निघत नाही.

पुढचा भाग

फेरूलचा दट्ट्या बसायला टोकाशी २५ ते ३० मिमी जागा मोकळी हवी. तेवढ्या खोलीपर्यंत मेण लावलेली लाकडी खुंटी तात्पुरती बसवा. बॅकर रॉड मागून, जॉइंटच्या बाजूने, गोल टोकाच्या लाकडी काठीने ढकलत न्या. दोरा बांधून पुढून ओढू नका. ओढताना रॉड ताणून बारीक होतो, सहज बसतो, आणि दोन-चार दिवसांत आखडून मागे सरकतो. टोकाशी तयार झालेली रिकामी जागा मग वाजते. ढकललेला रॉड एक दिवस तसाच ठेवा, पुन्हा दाबा, मग पुढे जा.

कातलेली दांडी वापरत असाल तर तिला संथ इपॉक्सीचा अगदी पातळ हात द्या. तिथे इपॉक्सी सढळ लावलं तर एक-दोन ग्रॅम सहज वाढतात आणि फोम हलका निवडल्याचा उपयोगच राहत नाही.

चाचणी ओतणी

महाग नळीत ओतण्याआधी त्याच लांबीच्या पारदर्शक प्लॅस्टिक नळीत ओतून पाहा. आतला व्यास १२ मिमीच्या आसपास असला की झालं. हे वगळू नका. अरुंद नळीत भिंतीच्या घर्षणामुळे फोम डब्यावर लिहिलेल्या घनतेपेक्षा दाट होतो. किती दाट, ते तुमच्या फोमवर, तापमानावर आणि हातावर अवलंबून. दुसऱ्या दिवशी नळी कापा, पाच-पाच सेंमीचे तुकडे वजन करा. तुकड्यांत फरक मोठा असेल तर द्रव सारखा पसरला नाही. एका अंगाला पोकळी दिसली तर ओतल्यावर नळी नीट फिरवली गेली नाही (कशी फिरवायची ते पुढे ‘ओतणं’ मध्ये आहे).

मोजणं आणि मिसळणं

आमच्या उदाहरणात मागचे ५९ मिली भरायचे. ६४ घनतेने ३.८ ग्रॅम, त्यात दाबासाठी २० टक्के भर, म्हणजे ४.५ ग्रॅम. पण साडेचार ग्रॅम कधीच मिसळू नका. एका भागात अर्ध्या ग्रॅमची चूक झाली तरी प्रमाण वीस टक्क्यांहून जास्त बिघडतं. ३० ग्रॅम मिसळा, लागेल तेवढं घ्या, उरलेलं कपातच फुगू द्या. तोच तुमचा नमुना: दुसऱ्या दिवशी त्याचा चौकोनी ठोकळा कापून घनता तपासता येते.

प्रमाण लेबलवर ‘आकारमानाने १:१’ असं असेल तर वजनाने १:१ घेऊ नका. आयसोसायनेट जड असतं, मिलिलिटरला साधारण १.२३ ग्रॅम. पॉलिओल १.०८ च्या आसपास. त्यामुळे ३० ग्रॅमच्या मिश्रणात पॉलिओल १४ ग्रॅम आणि आयसोसायनेट १६ ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

दोन्ही बाटल्या २० ते २२ अंशांवर, नळी २५ अंशांवर असावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात विदर्भातल्या खोलीत ९० सेकंदांचा फोम ३०-३५ सेकंदांवर येतो. बाटल्या थंड पाण्याच्या बादलीत ठेवा, पण त्यांचं तोंड कोरडं राहू द्या. उलट थंड नळीच्या भिंतीशी फोम दाट कातडं धरतो आणि पुरता फुगत नाही.

आयसोसायनेटची वाफ एकदा अंगाला बाधली की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही दम लागू शकतो. नायट्राइल हातमोजे, चष्मा, सेंद्रिय वाफेचं फिल्टर असलेला मास्क आणि उघड्या खिडक्या, यात तडजोड नको.

ओतणं

१० मिलीची सिरिंज आणि तिला जोडलेली, आतून ३ ते ४ मिमीची, ५० सेंमी लांब मऊ नळी लागते. ४ मिमीच्या नळीतच सहा मिलीहून जास्त द्रव मावतो, म्हणजे लागणाऱ्या मापापेक्षा जास्त. त्यामुळे मिश्रण ओढून आधी नळी टोकापर्यंत भरून घ्या, मग सिरिंजच्या खुणांवर मोजून ४ मिली सोडा. द्रवाची घनता सव्वाच्या आत असल्याने हे साडेचार ग्रॅमच्या जवळ बसतं. शाफ्ट आधी आणि नंतर काट्यावर ठेवून खात्री करा.

शाफ्ट दोन जोड-रोलरवर किंवा कापडी घड्यांवर, जॉइंटचं तोंड १०-१५ अंश वर राहील असा टेकवा. नळी बॅकर रॉडला टेकेपर्यंत आत घाला आणि द्रव सोडत मागे ओढा. अरुंद भागात भरभर, रुंद भागात हळू, कारण जॉइंटपाशी प्रत्येक सेंमीला साडेतीन पट द्रव लागतो. सुरुवात अरुंद टोकाकडून झाल्याने तिथला फोम आधी फुगतो आणि हवा जॉइंटकडे ढकलत येतो. लगेच शाफ्ट हाताने फिरवायला लागा, दोन सेकंदांत एक फेरा, फोम तोंडातून बाहेर येऊन हाताला चिकटेनासा होईपर्यंत. फिरवणं थांबलं की द्रव खालच्या बाजूला साचतो, वर पोकळी राहते आणि शाफ्ट एका अंगाला जड होतो.

तोंड कधीही बंद करू नका. बाहेर येणारा फोम वाया जात नाही, तो आतला दाब सोडत असतो.

कापणं आणि टोकं

२४ तास हात लावू नका. मग बाहेरचा फोम बारीक दात्याच्या पात्याने कापा आणि जॉइंटच्या बुचासाठी ४० ते ६० मिमी खोलीपर्यंत फोम कोरून कार्बनची भिंत पुन्हा उघडी करा. फोमच्या तोंडाला इपॉक्सीचा पातळ थर देऊन वाळवा, नाहीतर बूच चिकटवताना इपॉक्सी फोमच्या कापलेल्या पेशींत मुरतं आणि जोड कोरडा राहतो. बूच ॲल्युमिनियमचं असेल तर ते कार्बनला थेट भिडू देऊ नका. खाऱ्या, दमट हवेत दोहोंच्या मध्ये विद्युत-रासायनिक गंज धरतो. सगळीकडे इपॉक्सीचा सलग थर हवा. जी-१० किंवा फिनॉलिक या धातू नसलेल्या पदार्थांच्या बुचाला ही भीती नाही.

आणखी एक दिवस थांबून पुन्हा वजन करा, मगच फेरूल आणि टिप. फोम उशिरा किंचित फुगला तर ते याच दिवसात कळतं.

काय बिघडतं आणि का

नखाने टिचकी मारत नळीच्या लांबीभर जा. एके ठिकाणी आवाज एकदम पोकळ झाला तर तिथे पोकळी आहे. ती भोक पाडून भरू नका, कार्बनचे धागे तुटतात. लांब ड्रिलने जॉइंटच्या बाजूने तिथपर्यंतचा फोम हळू कोरा आणि तेवढाच भाग पुन्हा ओता. घट्ट झालेलं पॉलियुरेथेन ॲसिटोनने विरघळत नाही, आणि गरम करून काढायला गेलात तर नळीचं इपॉक्सी आधी मऊ पडेल.

फोम चिकट राहिला, वास जात नाही: प्रमाण चुकलं किंवा कपाच्या कडेचं न मिसळलेलं मिश्रण ओढलं गेलं. तो सगळा काढावाच लागतो, वाट पाहून सुधारत नाही. फोम आखडून भिंतीपासून सुटला: नळी थंड होती, आत मेण राहिलं होतं किंवा माप कमी पडलं. हा दोष महिन्या-दोन महिन्यांनी झणझणीच्या रूपात दिसतो. तोल पुढे सरकला तर पुढच्या भागातलं इपॉक्सी तपासा, फोमचा दोष क्वचितच असतो.

कंपनीचा तयार शाफ्ट झणझणत असेल तर तो उघडायच्या फंदात लगेच पडू नका. आधी टिप नीट चिकटली आहे का पाहा, मग फेरूलच्या कडेला नख लावा, मग जॉइंट घट्ट करून वेगळ्या बटवर (क्यूच्या मागच्या भागावर) लावून बघा. बटमधला वजनाचा बोल्ट सैल असेल तर आवाज शाफ्टमधूनच आल्यासारखा वाटतो. तो षट्कोनी किल्लीने आवळून पाहा. हे सगळं करूनही झणझण राहिली आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर शाफ्ट न उघडता परत पाठवा. एकदा टोक कापलं की ती वॉरंटी गेली.